आवाज काढून दाखवा

माझ्या मोटारसायकलचं इंजिन सकाळी वाजतं. टिक-टिक-टिक, पातेल्याच्या काठावर चमचा आपटावा तसं. गाडी 2004 सालची, शंभर सीसीची, चार स्ट्रोकची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण झालं, 2024 मध्ये पुन्हा एकदा झालं. इतकी वर्षं धावलेल्या इंजिनानं थोडं वाजावं, यात मला गैर वाटत नाही. माझी तक्रार तो आवाज ऐकून न घेणाऱ्यांबद्दल आहे.

पहिली तक्रार ‘आवाज काढून दाखवा’ या वाक्याची. साताऱ्यात माझ्या घरापासून गॅरेज चार किलोमीटरवर. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापतं आणि टिकटिक थांबते. मेस्त्री गाडी डबल स्टँडवर घेतात, दोन-तीनदा रेस देतात आणि म्हणतात, “काका, कुठं काय वाजतंय? चालवा बिनधास्त.” आवाज फक्त थंड इंजिनाला येतो, असं मी प्रत्येक वेळी सांगतो. दुखणं ओळखायला यापेक्षा मोठी खूण दुसरी नाही, पण ती कुणी ध्यानात घेत नाही. गाडी रात्री इथेच ठेवतो, सकाळची पहिली किक तुम्ही मारा, असं मी दोनदा विनवलं. दोन्ही वेळा जागा नसल्याचं सांगितलं गेलं.

दुसरी तक्रार टॅपेटची. जुनी गाडी वाजली की टॅपेट आवळायचे, हा शिरस्ताच आहे. माझ्या गाडीचे वर्षभरात तीनदा आवळले, तेही तापलेल्या इंजिनावर आणि फिलर गेज न लावता, हातानं हलवून बघत. टॅपेट आणि व्हॉल्व्हमध्ये जी फट ठेवायची असते, ती अशा इंजिनात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. इंजिन पूर्ण थंड असतानाच ती मोजायची असते. फट जास्त राहिली तर टॅपेट वाजतो, एवढंच. ती उरलीच नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. तिसऱ्यांदा आवळल्यावर माझी गाडी सकाळी आठ-आठ किका मागू लागली. टिकटिक होती तशीच राहिली.

तिसरी तक्रार ‘इंजिन खोलावं लागेल’ या निकालाची. एका ठिकाणी कनेक्टिंग रॉड गेला म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी टायमिंग चेन, तिसऱ्या ठिकाणी ब्लॉक-पिस्टन. तिघांपैकी एकानंही मला प्रश्न विचारला नाही. रॉडचा आवाज खोल, ठोके घातल्यासारखा असतो आणि चढावर ओझ्यानं वाढतो. माझी गाडी यवतेश्वरचा घाट दोन माणसं घेऊन बिनआवाज चढते. पिस्टन सैल झाला असता तर आवाज जड आला असता. क्लच हाऊसिंग खिळखिळं असतं तर क्लच दाबल्यावर आवाज बदलला असता. तो बदलत नाही. हे सगळं मी सांगायला तयार होतो.

शेवटी एका रविवारी पहाटे मीच गाडीशेजारी बसलो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. हेडच्या कव्हरवर आवाज बारीक, सिलेन्सरचा बेंड पाइप हेडला बसतो तिथे मोठा. मग सिलेन्सरचं तोंड जाड ओल्या फडक्यानं क्षणभर दाबलं, तर टिकटिक दुप्पट झाली. जोडाभोवती काजळीचा काळा पट्टाही दिसला. पॅकिंग गेलं होतं. त्या फटीतून धूर दर स्फोटाला फटकन बाहेर येत होता. पाइप तापून फुगला की फट बुजायची आणि आवाज बंद व्हायचा.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो आणि धूरही एकदाच बाहेर पडतो. म्हणून फुटलेलं पॅकिंग आणि सैल टॅपेट एकाच ठेक्यात वाजतात. नुसत्या कानानं चूक होऊ शकते, हे मला मान्य आहे. चूक मी पोटात घालीन. न विचारता पाना उचलणं मला मान्य नाही.

नवं पॅकिंग पन्नास रुपयांच्या आत आलं. टॅपेट रात्रभर थांबलेल्या इंजिनावर गेज लावून पुन्हा बसवून घेतले. आता गाडी दुसऱ्या किकला चालू होते आणि टॅपेट अगदी बारीक वाजतात. ते तसेच वाजायला हवेत.

जुन्या गाड्यांवर हात चालवणाऱ्या सगळ्या मेस्त्रींना माझी कळकळीची विनंती आहे. पाना हातात घेण्याआधी चार गोष्टी विचारा: आवाज थंड असताना येतो की गरम झाल्यावर? क्लच दाबल्यावर बदलतो का? चढावर वाढतो का? ऑइल कधी बदललं होतं? गाडी रोज चालवणाऱ्याला या चारही प्रश्नांची उत्तरं ठाऊक असतात. ती ऐकायला दोन मिनिटं पुरतात.