हेडफोनी कानसेन

सवाई गंधर्व महोत्सवात मांडवाच्या कुठल्या खांबापाशी बसलं की तानपुरा नीट कानावर येतो, हे ज्यांना पाठ असतं ते जुने कानसेन. नवा कानसेन तिकडे फिरकत नाही. तिथे लोक खोकतात, वड्याचे कागद चुरगाळतात आणि त्याच्या मते ध्वनिव्यवस्था ‘मिड्समध्ये नुसता चिखल’ करते. तो घरी बसतो, खिडक्या लावतो, पंखा बंद करतो आणि हेल्मेटच्या धाकट्या भावाएवढं यंत्र डोक्यावर चढवतो. वय चाळिशीच्या जरा अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीत, फ्लॅट कोथरूडला किंवा बाणेरला. कर्जं दोन. एक घराचं, दुसरं घरात न सांगितलेलं.

“किशोरीताई सा लावायच्या आधी श्वास घेतात, तो ऐकलास?” असं तो विचारतो. नाही म्हणालात की प्रेमळ कीव येते त्याला. “कसा ऐकशील? एमपीथ्री ऐकतोस ना!” त्याच्याकडे फ्लॅक फायली असतात, २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. चाळिशीत १५ हजारापर्यंत पोचला तरी पुष्कळ. १९२ किलोहर्ट्झच्या फायलीत ९६ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, म्हणजे घरात वटवाघळं पाहुणी आली तर त्यांचीही सोय आहे. मग डॅक, मग ॲम्प, मग बायकोला बाराशेची म्हणून सांगितलेली केबल. एवढ्या खटाटोपातून त्याला हवी असते शांतता. दोन सुरांमधली निखळ, ठार शांतता. तो तिला ‘ब्लॅक बॅकग्राउंड’ म्हणतो आणि म्हणताना डोळे मिटतो.

अशाच एका रात्री त्या ब्लॅक बॅकग्राउंडमधून ‘कुंईऽऽ’ ऐकू येतं.

पहिला संशय अर्थातच केबलवर. केबल बदलते. मग ॲम्प. मग इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग. मग शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर, आणि त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर एक सभ्य पण बोचरा मेसेज. हेडफोन काढून ठेवले तरी कुंई चालूच आहे, ही गोष्ट त्याच्या फार उशिरा लक्षात येते. “मला तर काहीच ऐकू येत नाहीये,” बायको म्हणते. त्यावर “तू एमपीथ्री...” एवढं बोलून तो गप्प होतो.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. हा समीक्षा लिहायला घेतो. मोबाइलवर सूर काढणारं ॲप उघडून आपल्या कुंईची जात शोधतो: ६ हजार हर्ट्झच्या आसपास, डावीकडे जरा जास्त, किंचित तीक्ष्ण, ‘पण डिटेल चांगलाय’. हार्मोनियमवर लावून बघतो, तर एवढी वरची पट्टी पेटीतच नाही. मग पुस्तकी आधार सापडतो. बेथोव्हनने १८०१ सालीच मित्राला पत्रात लिहिलं होतं की कान रात्रंदिवस गुणगुणतात. संगीतकार स्मेटानाने १८७६च्या आपल्या तंतुवाद्य-चौकडीत शेवटी व्हायोलिनचा एक उंच, लांबलचक सूर घातला, तो त्याच्या कानातलाच. ऑफिसच्या कँटीनमध्ये हे तो अशा थाटात सांगतो, जणू ही मंडळी त्याच्या बॅचची. ‘द हू’चा पीट टाउनशेंड मात्र वगळतो. त्याने आपल्या कानांच्या नासाडीचं खापर स्टुडिओतल्या हेडफोन्सवर फोडलंय, स्टेजवरच्या गोंगाटावर नाही. सोयीची नाही ती माहिती.

आई लसूण घालून कढवलेलं तेल सुचवते. सासरे सुश्रुताने सांगितलेल्या २८ कर्णरोगांत कर्णनाद कसा आहे ते सांगतात. शेवटी तो कानाच्या डॉक्टरकडे जातो. मळ नाही, पडदा ठीक. बंद खोलीत बसवून, हेडफोन लावून, ऐकू आलं की बटण दाबायचं, अशी तपासणी होते. (हेडफोन कुठल्या कंपनीचे, हे तो तिथेही विचारतो.) आलेखात ४ हजार हर्ट्झपाशी खड्डा. मोठ्या आवाजाने दुखावलेल्या कानाची ती ओळखीची खूण.

“इक्वलायझरने एवढा पट्टा वर उचलता येईल का?”

“उचलून उचलूनच खड्डा पडलाय,” डॉक्टर म्हणतात.

मग कळतं ते असं. आतल्या कानाच्या शंखात केसाळ पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिकडून संदेश कमी आले की मेंदू आपलाच आवाज चढवून बसतो आणि ती खरखर कुंई म्हणून ऐकू येते. हे मात्र त्याला चटकन पटतं, कारण हा सरळ ॲम्पच्या गेनचा मामला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. तो लगेच एक्सेल उघडतो. ९२ डेसिबलला उरतात अडीच तास. त्याचा आठवड्याचा कोटा सोमवारी रात्रीच खलास होत आलाय, कैक वर्षं.

आता तो दुसऱ्या टोकाला जातो. हेडफोन कपाटात, कानात दिवसभर बोळे, मिक्सर लावायच्या आधी घरात सूचना. कुंई वाढते. वाढणारच. १९५३ साली चांगल्या कानाच्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तर बहुतेकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले होते. ज्या ठार शांततेवर याने बोनस उडवले, तिथेच कुंईचं फावतं.

इलाज म्हणून सांगितलं जातं ते त्याच्या जिव्हारी लागणारं: रात्री पंखा चालू ठेवा, रेडिओ हळू लावा. माळ्यावरचा खरखरणारा टेबलफॅन खाली उतरतो. स्वयंपाकघरात आकाशवाणी, तीही मोनो! समुपदेशक सांगते की सकाळी उठल्याउठल्या कुंई तपासायची नाही. तिच्याकडे काणाडोळा करायला मेंदू हळूहळू शिकतो, आणि त्रास कमी व्हायला या वळणाच्या उपचारांनाच पुराव्याचा सर्वांत भक्कम आधार आहे. कुंईच्या नोंदींची वही फाडायला सांगितली जाते. तो फाडतो, आधी फोटो काढून.

माझ्या मते त्याचं खरं दुःख वेगळंच आहे. ही आयुष्यातली पहिली अशी वस्तू, जी विकून वरचं मॉडेल घेता येत नाही. बाकी सावरलाय तो. हेडफोन परत आलेत, आवाज निम्म्याच्या खाली. कंपनीच्या बसमध्ये नॉइज कॅन्सलेशन लावतो, म्हणजे इंजिनाशी स्पर्धा करत आवाज वाढवावा लागत नाही. घरात ते बंद. परवा भेटला तेव्हा मला दोन टेबलफॅनमधला फरक समजावत होता. जुन्याचा आवाज म्हणे ‘वॉर्म’ आहे.

तुमच्याही कानात कुंई असेल तर एवढं करा. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, किंवा चक्कर येत असेल, तर डॉक्टरची वेळ घ्या. ऐकू येणं अचानक कमी झालं असेल, तर त्याच दिवशी गाठा. केबल बदलून बघू नका.