पडलेल्या पिक्चरचे ताठ रसिक

सुसंस्कृत मराठी माणसाला त्याचा आवडता चित्रपट विचारू नये. विचारलाच, तर उत्तर ऐकून "हो का? बघायला हवा" एवढंच म्हणावं आणि पावसापाण्याकडे वळावं. चुकून "मीही पाहिलाय, मस्त आहे" म्हणालात, तर समोरच्याचा चेहरा असा उतरतो, की जणू त्याच्या सातबाऱ्यावर तुम्ही आपलं नाव चढवून आलात. आवडत्या चित्रपटाची पहिली अट तो आवडणं ही नाहीच. तो इतरांनी पाहिलेला नसावा, ही आहे.

नागराज मंजुळ्यांचंच घ्या. २०१६ मध्ये 'सैराट' आला आणि वरातीपासून विसर्जनापर्यंत त्याचीच गाणी वाजू लागली. त्याबरोबर आमच्या ओळखीच्या तमाम रसिकांनी 'सैराट' सोडला आणि 'फँड्री'त मुक्काम हलवला. "खरा नागराज 'फँड्री'त आहे हो." पुढे 'फँड्री'ही बऱ्याच जणांनी पाहिल्याचं उघडकीला आलं, तेव्हा मंडळी आणखी मागे सरकून 'पिस्तुल्या' या लघुपटापाशी जाऊन उभी राहिली. त्याच्याही मागे जाता येत नाही म्हणून बरं, नाहीतर आमचे एक स्नेही नागराजच्या शाळेतल्या निबंधाच्या वहीपर्यंत पोचले असते.

अर्थात, मीही याच बिरादरीतला. माझा चित्रपट म्हणजे 'एक होता विदूषक'. साल १९९२. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे, गाणी ना. धों. महानोर, संगीत आनंद मोदक. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'नंतर कितीतरी वर्षांनी पु. ल. पुन्हा सिनेमाकडे वळले ते यासाठी. नायक लक्ष्मीकांत बेर्डे. आणि पैसा सरकारी एनएफडीसीचा, म्हणजे फिरून तुमचा-माझाच. निदान आपल्या पैशांचं काय केलं हे बघायला तरी लोकांनी जायला हवं होतं. नाही गेले.

गोष्ट अशी, की तमाशातल्या एका नाचणारणीचा मुलगा, अबुराव, सोंगाड्या होतो. फडावरून सिनेमात जातो, तिथे लोकप्रिय होतो. लोकप्रिय माणूस दिसला की राजकारणाच्या तोंडाला पाणी सुटतंच, त्यामुळे तो मंचावरही जाऊन पोचतो. सगळ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाची स्वतःची मुलगी मात्र हसत नाही. आता गंमत बघा. हसवणाऱ्याला हसवण्यापलीकडे काही होऊ द्यायचं नाही, असा पण केलेल्या जगाबद्दलचा हा चित्रपट. त्यात काम कोणाचं, तर ज्याला बघितल्याबरोबर हसायचं असा आपण वर्षानुवर्षांचा करार करून ठेवला होता त्याचं. आणि लोकांनी काय केलं? "लक्ष्याचा आहे पण हसायला येत नाही म्हणे" असं एकमेकांना सांगून ते घरी बसले. तिकीट न काढता चित्रपटाचं म्हणणं सिद्ध करून दाखवणारा प्रेक्षक दुसरीकडे कुठे मिळणार?

त्यात भर म्हणजे चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मिळाला, लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना नृत्यदिग्दर्शनाचा मिळाला. असा पुरस्कार म्हणजे मराठी प्रेक्षकाला मिळालेली अधिकृत सुट्टी असते. आता आपण नाही पाहिला तरी चालेल, सरकारने पाहिलाय. २०१७ मध्ये 'कासव'ला देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ जाहीर झालं, तेव्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. स्टेटसला कासवं लागली. रांगा लागल्या त्या 'बाहुबली'च्या दुसऱ्या भागाला.

एका दिवाळीत मी 'विदूषक' घरच्यांना दाखवायचं ठरवलं. फराळाच्या ताटल्या घेऊन सगळे टीव्हीपुढे बसले, कारण मी फक्त "लक्ष्याचा आहे" एवढंच सांगितलं होतं. थोडा वेळ शांततेत गेला. चकल्यांचा आवाज तेवढा. मग आत्या म्हणाली, "अरे, हा विनोद कधी करणार?"

"आत्या, हा वेगळा लक्ष्या आहे."

"वेगळा कशाला? होता तो काय वाईट होता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडद्यावर बेर्डे डोळ्यांनी काहीतरी सांगत होता. हात, मान, भुवया, ज्या ज्या हुकमी गोष्टींवर महाराष्ट्र टाळ्या देई त्या सगळ्या आवरून धरून, नुसत्या डोळ्यांनी. मी "हे बघा, हे बघा" म्हणत होतो. सगळ्यांनी बघितलं ते माझ्याकडे. काकूंनी चिवड्यातला खोबऱ्याचा काप वेचत निकाल दिला, "सणासुदीला रडका लक्ष्या नको बाई." पुतण्याने रिमोट घेतला आणि 'अशी ही बनवाबनवी' लावला. तो सगळ्यांनी किती वेळा पाहिलाय याची मोजदाद नाही. पात्राने तोंड उघडायच्या आधीच घरात वाक्य पूर्ण होतं. धनंजय माने कुठे राहतात हे माहीत असूनही प्रत्येक वेळी पहिल्यांदा कळल्यासारखं हसायचं, इस्राईलच्या औषधावर खोकला येईपर्यंत हसायचं. माझी तक्रार 'बनवाबनवी'बद्दल नाही. मीही हसलो, दोन चकल्या जास्त खाल्ल्या.

तक्रार आहे ती पुढच्या वर्षाबद्दल. 'विदूषक'नंतर वर्षभरात, १९९३ मध्ये, 'झपाटलेला' आला. आधीच्या चित्रपटात दिलीप प्रभावळकर गुणवंत नावाच्या धूर्त राजकारण्याच्या भूमिकेत होते. या चित्रपटात ते झाले तात्या विंचू, म्हणजे बाहुल्यात शिरलेला गुंड. आज शेंबड्या पोरालाही तात्या विंचू माहीत आहे, त्याचा मंत्र पाठ आहे. गुणवंत कोणाला आठवत नाही. विदूषकाला हाताशी धरून राजकारण करणारा माणूस लोकांना अतिशयोक्ती वाटला असेल. बाहुल्यात शिरलेला गुंड मात्र लगेच पटला.

मराठी चित्रपट का पाहिला नाही, याची कारणं आपल्याकडे तयारच असतात. थिएटर मिळत नाही. मिळालं तर वेळ अडनिडी असते. २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवण्याची सक्ती जाहीर केली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. अस्मिता जागी झाली, पॉपकॉर्न विरुद्ध वडापाव असा सामना रंगला. त्या सक्तीत एक पळवाट राहून गेली. खेळ लावायची सक्ती होती, खुर्चीत बसायची नव्हती. आता थिएटरचंही निमित्त उरलं नाही. चित्रपट फोनवर येऊन बसतो. मग आपण "मूड लागला की बघू" म्हणतो. मूड लागतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि कोरियन मालिकेचा नवा भाग आलेला असतो.

परदेशी चित्रपटांचं मात्र तसं नाही. पुण्यातल्या महोत्सवाला गळ्यात पास अडकवून, घरच्या पोळीभाजीचा डबा घेऊन, सकाळपासून रांगेत उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत. इराणी चित्रपटात पोराकडून बहिणीचे बूट हरवले की यांच्या घशात आवंढा. उमेश कुलकर्णींच्या 'विहीर'मध्ये आपल्याच मातीतला पोरगा मृत्यू म्हणजे काय हे शोधत वणवण फिरतो, तर तो चित्रपट यांना स्लो वाटतो. नचिकेत विहिरीत जातो हे इथे सांगून टाकतोय, कारण पाहिलाच नाही त्यांना रहस्यभंगाचं दुःख कसलं? हाच 'विहीर' फारसी बोलता आणि खाली इंग्रजी अक्षरं पळती, तर त्याच मंडळींनी त्याच्यावर परिसंवाद घेतला असता आणि मध्यंतरात चहा-बिस्किटंही ठेवली असती.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. पु. लं.चे निस्सीम भक्त. कॅसेटचा जमाना संपला तरी कपाटात कॅसेट आहेत, अंतू बर्वा पाठ आहे, आणि जिन्यात कोणी भेटलं तर ऐकवूनच सोडतात. त्यांना मी एकदा म्हटलं, "काका, पु. लं.चा 'एक होता विदूषक' पाहिलात ना?"

ते थबकले. "तो पु. लं.चा आहे?"

"पटकथा आणि संवाद त्यांचेच."

"मग मला माहीत कसं नाही?" हे त्यांनी अशा सुरात विचारलं, की जणू पु. लं.नी लिहिण्यापूर्वी त्यांच्याकडे अर्ज करायला हवा होता. मग म्हणाले, "पाठव लिंक." मी जन्मात कोणाला इतक्या तत्परतेने काही पाठवलं नव्हतं. एक माणूस! पु. लं.वर श्रद्धा असलेला, दुपारी रिकामा असलेला, स्वतःहून मागणारा! त्यांच्या बंद दाराबाहेर कान देऊन उभं राहायचं तेवढं मी बाकी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला जाताना ते खाली भेटले. चष्मा पुसत म्हणाले, "पाहिला रे. चांगला आहे. भाषा तर काय, पु. ल. ते पु. ल. फक्त एक झालं."

"काय?"

"त्या लक्ष्याच्या जागी एखादा गंभीर नट घ्यायला हवा होता."