यंत्राचा श्रावण

एकतीस वर्षे महसूल खात्यात काढल्यानंतर माणसास पृथ्वीवरील कोणत्याही वस्तूचा मोह उरत नाही. आणि म्हणूनच की काय, निवृत्तीच्या रकमेतून आमच्या हिने सुचविलेली घरघंटी न घेता मी स्वयंचलित बैठकीची दुर्बीण घेतली. आमच्या घरी या वस्तूचा उल्लेख अद्यापि 'ते तुमचं' एवढ्याच शब्दांत होतो.

दुर्बिणीची नळी बिचारी निरुपद्रवी असते; सारी करामत तिच्याखालच्या बैठकीत. दोन मोटारी, एक चिमुकला संगणक, आणि वायरीने जोडलेला, हातात धरावयाचा एक नियंत्रक, एवढी ही सामग्री. त्यास स्थळ, तारीख व वेळ सांगावी, दोन ओळखीचे तारे नळीच्या मध्यावर आणून त्यांची ओळख पटवावी, की मग आकाशातील हजारो ज्योतींपैकी मागाल ती हुकमाबरहुकूम समोर हजर करीन, असा त्याचा करारनामा. असे आज्ञाधारक दुय्यम मला उभ्या नोकरीत लाभले नव्हते.

नागपुराच्या गच्चीवरून चंद्र आणि शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाक्या यांपलीकडे विशेष काही दिसत नसल्यामुळे, जिवतीस शिक्षक असलेल्या माझ्या भाच्याने, "मामा, अंधार पाहिजे तर आमच्याकडे या, तेवढा एक इथं मुबलक आहे," असे कळविले, तेव्हा मी ताबडतोब निघालो. तो दिवस ८ डिसेंबर २०२४, म्हणजे चंपाषष्ठीचा दुसरा दिवस, आणि अंधाराच्या शोधात निघालेल्या या खगोलप्रेमीने त्या रात्री आकाशात अर्धा चंद्र असणार, ही क्षुल्लक बाब पंचांगात पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते.

चंद्रपूर, राजुरा, सिमेंटच्या भुकटीने पांढुरके झालेले गडचांदूर, आणि मग डोंगरावर चढणारा घाट. माणिकगडचा किल्ला वाटेत होता. परंतु जीपमध्ये मांडीवर आडवी नळी असल्याने मान वळविणे अशक्य होते, सबब त्याचे वर्णन वाचकांनी अन्यत्र पाहावे.

भाच्याने आम्हांस नेले ते महाराष्ट्र आणि तेलंगणा हे दोघेही ज्यांवर हक्क सांगतात अशा सुप्रसिद्ध चौदा गावांपैकी एकात. राजुऱ्याचा हा सारा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. पुढे सरहद्दीची रेघ मारताना हात कुठेसा हलला, आणि गावकऱ्यांच्या पेटीत दोन शिधापत्रिका व दोन मतदार ओळखपत्रे गोळा झाली. इथे गोंड आहेत, कोलाम आहेत, बंजारा आहेत, आणि मराठवाड्यातून पोटामागे येऊन डोंगरावर कापूस-ज्वारी करणारी कुटुंबेही आहेत. अशाच एका नांदेडकडच्या बाबांच्या खळ्यात आम्ही ठाण मांडले. नळी बाहेर काढताच पोरांची गर्दी लोटली. "सर, हे वरून पडलं का?" असा पहिला प्रश्न आला, आणि त्यात अज्ञान मुळीच नव्हते; याच जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीस २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, अवकाशातून एक भलेमोठे धातूचे कडे येऊन पडले होते.

जीपच्या बॅटरीला चिमटे लावून यंत्र सुरू केले. त्याने प्रथम जवळचे शहर विचारले, आणि यादीत नागपूर व हैदराबाद ही दोन्ही नावे पाहून माझ्यातील महसुली आत्मा थबकला. बाबा मागून पाहत होते. ते म्हणाले, "दोनी लिवा की साहेब. आमचं तसंच हाय." मी मोबाईलमधून अक्षांश-रेखांश काढून भरले, मग तारीख, मग वेळ, आणि सात वाजता, सभा भरल्यावर भाषण करावे त्या थाटात, कळ दाबली.

यंत्राने ओळखीसाठी स्वातीचा तारा निवडला आणि घर्रर्र करीत नळी पश्चिमेकडे उंच उचलली. तिथे स्वाती नव्हती. कोणीच नव्हते. मुलांसमोर शोभा नको म्हणून आसपास जी एक मिणमिणती तारका दिसली तिलाच मी स्वाती म्हणून मध्यावर आणले, व दुसऱ्या खेपेस ज्येष्ठेच्या नावावर आणखी एका निरपराध ताऱ्यास उभे केले. खोट्या साक्षीदारांवर चालविलेल्या खटल्याचा जो निकाल लागावयाचा तोच लागला. गुरू मागितला तर नियंत्रकाने, लक्ष्य क्षितिजाखाली आहे, असा शेरा मारून अर्ज निकालात काढला, आणि त्या क्षणी गुरू आमच्या डोळ्यांदेखत पूर्वेच्या झाडांवर पेट्रोमॅक्ससारखा जळत होता. शनी मागितला, तोही क्षितिजाखाली.

येथून पुढे दीड तास मी जे केले त्यास शास्त्रीय परिभाषेत दोषनिवारण म्हणतात. वीज कमी पडली की या मोटारींना भ्रम होतो हे वाचलेले असल्याने प्रथम बॅटरीवर आळ घेतला. चिमटे घासले, जीप चालू करून पाहिली. मग तिपाईवर: तिच्या पायांखाली चिपा सारून पातळीचा बुडबुडा मध्ये आणला. मग वायर, मग खिळा, मग भाच्याच्या खिशातला मोबाईल, मग भाचा. यंत्र बंद करून पुन्हा चालू करणे हा उपाय आम्ही सहा वेळा केला, आणि प्रत्येक वेळी तीच स्थळ-काळाची जबानी मी त्याच निष्ठेने लिहून दिली. आतून दोनदा "रोडगे निवायलेत" असा निरोप आला. मी एका पोरावर खेकसलो. तो नुसता तिपाईजवळ उभा होता.

"साहेब, काय हुडकायलाव?" बाबांनी विचारले.

"शनी."

"मग ते चांदापशी चकाकायलंय ते काय हाय?"

ते शनीच होते. नैऋत्येकडे उंचावर, अर्ध्या चंद्राला जवळजवळ लगटून, कोणत्याही मोटारीविना.

अपमान गिळून मी मुलांच्या समाधानासाठी सप्तर्षी मागितले. यंत्राने लगेच होकार भरून वायव्येकडे तोंड वळविले. तेव्हा मघाशी ज्याच्यावर खेकसलो तो गोंडाचा पोरगा हळूच म्हणाला, "सर, बाज आता कुठं? बाज तर पहाटे येते." त्याच्या आजीच्या आकाशात सप्तर्षी नाहीतच, चार ताऱ्यांची म्हातारीची बाज आहे, आणि ती पळवायला मागे लागलेले तीन चोर आहेत. गोंडांच्या या नक्षत्रांवर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना मयंक वाहिया यांनी अभ्यास केला आहे, हे मला ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि सुचणे यांत बरेच अंतर असते.

"संध्याकाळी तिकडं बाज असती ती पावसाळ्यात," बाबा म्हणाले. "तुमचं यंत्र सरावणात हाय, साहेब."

मी नियंत्रकाकडे पाहिले. मी ८/१२ लिहिले होते. यंत्राच्या जन्मभूमीत महिना आधी लिहितात. त्याच्या लेखी ती १२ ऑगस्ट होती, श्रावणातला सोमवार. एकशे अठरा दिवसांची चूक, आणि दर दिवशी आकाश सुमारे एक अंश पुढे सरकत असल्याने त्याचे सारे आभाळ एकशे सोळा अंशांनी फिरलेले. ज्येष्ठा नक्षत्रात त्या दिवशी साक्षात सूर्य होता, तो आमच्यासमोर मावळला होता, आणि सूर्यास्तानंतर मी तिची ओळख पटवून दिली होती. यंत्र शब्दशः खरे बोलत होते. मी दिलेला एकही हुकूम त्याने मोडला नव्हता.

तारखेचा मेळ बसत नाही, सबब अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत. हे वाक्य मी किती वेळा लिहिले असेन, याचा हिशेब नाही. बाबांनी मघाशी गमतीने दोन्ही ओळखपत्रे दाखविली होती: एकावर जन्मसाल १९५२, दुसऱ्यावर १९५७. निराधार योजनेच्या टेबलावर असताना एका म्हातारीचा अर्ज अशाच फरकासाठी मी तीनदा परत केला होता. चौथ्यांदा ती आली नाही. तेव्हा मला वाटले होते, त्रुटी दूर झाली असावी.

तारीख दुरुस्त केली. या खेपेस खरे तारे दाखविले, आणि शनीची कळ दाबताच नळी शांतपणे चंद्राच्या शेजारी जाऊन थांबली. चार महिन्यांवर कडी आपल्याला अगदी आडवी येण्याचा प्रसंग आला असल्याने ती मण्यातून आरपार गेलेल्या सुईएवढीच दिसत होती. "कडं कुठाय?" म्हणून पोरे हिरमुसली. बाबांनी मात्र डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.

"थरथरायलंय," ते म्हणाले. "थंडी वाजत आसंल."

गार रोडगे आणि वांग्याचे भरीत आम्ही साडेअकराला खाल्ले. निघताना जीप सुरू होईना. तिची बॅटरी यंत्राने संपविली होती. बाबा, भाचा आणि जागी राहिलेली सात-आठ पोरे मागून ढकलू लागली, मी पुढे सुकाणू धरून बसलो, आणि उतारावर बरीच लांब गेल्यावर इंजिन खोकून चालू झाले. ते महाराष्ट्रात चालू झाले की तेलंगणात, यावर परतताना भाच्याशी माझा गडचांदूरपर्यंत वाद चालला होता.