उलट्या दिशेचे पाहुणे

कामठीहून उत्तरेला जायचं तर आधी दक्षिणेला जावं लागतं. आमच्या स्टेशनावरून जाणारी लाइन हावड्याची. दिल्लीकडची गाडी धरायला मागे नागपूर गाठायचं. काश्मीर सहलीचा एवढाच टप्पा घरात बिनविरोध मंजूर झालाय. बाकीचा कार्यक्रम चर्चेत आहे.

मागणी पोरांची. मोठी सहावीत, धाकटा दुसरीत, आणि दोघांना आकाशातून पडणारा बर्फ हवा. गोळेवाल्याचा चालत नाही. मी म्हटलं, मे महिन्यात जाऊ. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता. पळायचं तर तेव्हा पळावं. इंग्रजांनी 1821 मध्ये कामठीला छावणी वसवली, पण उन्हाळा लागला की मध्य प्रांताचं सरकार पचमढी चढायचं. शहाणे लोक होते. मोठी म्हणाली, "बाबा, मेमध्ये बर्फ वितळून राहते. मग स्टेटसला काय ठेवायचं, गवत?"

म्हणून बेत डिसेंबरचा ठरला. हिवाळ्यात उत्तरेचं कोणीही उत्तरेत थांबत नाही, ही गोष्ट मात्र कोणी लक्षात घेत नाही. जम्मू-काश्मीरच्या सरकारनं 1872 पासून दीडशे वर्षं थंडी पडली की फायली बांधून श्रीनगर सोडलं आणि जम्मू गाठलं. तिबेट-मंगोलियाकडचे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे तळी शोधत येतात. गेला बाजार मुंबईचं सरकारसुद्धा डिसेंबरात अधिवेशनाच्या निमित्तानं नागपूरला ऊन खाऊन जातं. आमदार, बदकं, हंस सगळे खाली येत असताना वर निघालेलं एकच कुटुंब, ते आमचं.

मागच्या गल्लीत लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटमधून निवृत्त झालेले हवालदार राहतात. त्यांना सल्ला विचारला. "पैसे देऊन जाऊन राहिले का भाऊ?" ते खरोखर चकित झाले. "मले तं सरकारनं पगार देऊन पाठवलं होतं, तरी मी परत यायचे दिवस मोजत होतो." मग त्यांनी पायमोजे कसे दुहेरी घालायचे ते दाखवलं, आणि कांगडी, म्हणजे तिथली निखाऱ्यांची शेगडी, पोरांच्या हाती देऊ नका म्हणून बजावलं.

कपड्यांची खरेदी नागपूरच्या तिबेटी बाजारात. तिबेटी निर्वासितांची एक वसाहत आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. त्यामुळे विदर्भाला स्वेटर आणि तिबेट हे शब्द वेगळे माहीत नाहीत. माल बहुतेक लुधियान्याचा. म्हणजे लुधियान्याहून नागपूरला आलेले चार स्वेटर आम्ही अंगात घालून, त्याच लुधियान्यावरून पुढे कटऱ्याला नेणार. तिथून नव्या वंदे भारतनं, 359 मीटर उंचीच्या चिनाब पुलावरून, श्रीनगर. आईनं पुलाची उंची ऐकली आणि डिंकाचे लाडू वाढवले. "पोट्ट्याईच्या कानटोप्या आधी घ्या," एवढंच तिचं म्हणणं.

आता बर्फाचं. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलान, काश्मिरातली सगळ्यात कडक थंडी. पण जानेवारी 2024 मध्ये ऐन चिल्ले कलानात गुलमर्गची मैदानं कोरडी ठणठणीत होती. पर्यटक पिवळ्या गवतावर उभे राहून फोटो काढत होते. म्हणजे शेवटी स्टेटसला गवतच. उलट 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंश नोंदले गेले. त्या रात्री आम्ही घरीच होतो, गोधडीत. खर्च शून्य.

हा मुद्दा मी मांडला. मतदान झालं. चार विरुद्ध एक.

आरक्षणाचा पेच वेगळाच. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वे 120 ऐवजी 60 दिवस आधी तिकीट देते, म्हणजे 24 डिसेंबरला निघायचं तर 25 ऑक्टोबरला सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल धरून बसायचं. शाळा नाताळच्या सुट्टीची तारीख सांगणार डिसेंबरात. ऑक्टोबरात विचारायला गेलो, तर "सूचना निघेल" म्हणाले. शेवटी अंदाजानं काढलं. सध्या वेटिंग 37 ते 40 आहे. वाचकांपैकी कोणी त्या दिवशीचा उत्तरेचा बेत रद्द करणार असेल, तर कृपया आजच करावा.