मामांचं लाल पाकीट

येडशीत एखाद्या घरी टीव्हीसमोर दहा माणसं बसलेली असावीत, पडदा नुसता निळा असावा आणि कुणीच कुणाशी बोलत नसावं, तर समजायचं, मामांना बोलावणं गेलंय. तसे ते सख्खे मामा कुणाचेच नाहीत. खिशात सराफाकडून मंगळसूत्राबरोबर मिळालेलं लाल पाकीट असतं. मंगळसूत्र मामींच्या गळ्यात. पाकिटात ओटीजी, कार्ड रीडर, तीन पेनड्राइव्ह आणि ऑक्सची वायर, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं रबरबँड.

परवा एका घरी लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर जाईना. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, फिल्म साडेपाच जीबीची, तरी घेत नव्हता. नवरदेव फोटोग्राफरला शिव्या देत होता. मामांनी शांतपणे चहा संपवला.

"आवो, पोट मोठं हाय त्याचं. घसा बारका हाय. एफएटी थर्टी-टू म्हनत्यात ह्याला. चार जीबीच्या वरचा घास एकदम गिळत न्हाई."

मग आत्याबाईंचा हरिपाठ आधी बाजूला काढून ठेवला, पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि कॉपी लावली. टक्के चढायला लागले. पूर्वी येडशीवरून अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट जायची. घाटात उतरून, लघवी उरकून, पुन्हा त्याच डब्यात चढता यायचं, असं म्हातारी माणसं सांगतात. मामांची कॉपी त्याच चालीची. नव्व्याण्णव टक्क्यांवर ती थांबते, तेव्हा मामा कुणाला फॅनसुद्धा लावू देत नाहीत.

फिल्म सुरू झाली. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं लागली. अक्षता पडायच्या आत मामा चपला घालून बाहेर! त्यांनी गावाला शेकडो सिनेमे पुरवले असतील. एकाचाही शेवट त्यांना सांगता येणार नाही. स्वतःच्या घरच्या टीव्हीचा रिमोट गेल्या दिवाळीपासून सेलविना पडलाय.

जिओ यायच्या आधी, म्हणजे २०१६ पूर्वी, मामांचा खरा काळ होता. दोन जीबीच्या कार्डात एका बाजूला प्रल्हाद शिंदे, दुसरीकडे बाबामहाराज सातारकर, हे ते झोपेत भरून द्यायचे. पुढं शेअरइट आलं. २०२०च्या जूनमध्ये सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात शेअरइट आणि झेंडर दोन्ही गेली. मामांनी जवळजवळ सुतक पाळलं. व्हॉट्सॲपवर त्यांचा राग आहे. "फोटू पार पिळून पाठवतंय ते. रस आपला, चोथा समोरच्याला. डॉक्युमेंट करून पाठवावं मानसानं." हे ते मयताच्या घरीसुद्धा सांगतात.

श्रावणी सोमवारी आम्ही रामलिंगला गेलो. जटायूला पाणी पाजायला रामानं इथंच बाण मारला, अशी श्रद्धा; आता आम्ही पाणी घरूनच नेतो, आणि मामा स्पीकर. नारळाएवढा, नारळाच्याच रंगाचा ब्लूटूथ स्पीकर. त्यावर भजन चाललेलं. रामलिंगच्या माकडांना नारळ गाताना बहुधा पहिल्यांदाच दिसला. एकानं तो उचलला आणि झाड गाठलं.

ब्लूटूथ पोचतं साधारण दहा मीटर. माकड वर गेलं की टाळ बंद, खाली आलं की टाळ चालू. मामा फोन उंच धरून झाडाभोवती फिरायला लागले. निम्म्या भाविकांना ती प्रदक्षिणाच वाटली. दोघी आजी त्यांच्यामागं फिरायलाही लागल्या.

मग मामा एकदम थांबले. चष्मा कपाळावर सारला आणि 'नवीन फोल्डर ७' उघडलं. त्यात रानडुकरं हाकलायला शेतकऱ्यांना भरून दिलेलं कुत्र्याचं भुंकणं होतं. मामांनी आवाज पूर्ण करून बटण दाबलं.

आपल्याच हातातला नारळ अंगावर भुंकतोय म्हटल्यावर माकडानं तो जो फेकला, तो थेट चिखलात. आजी दचकून पायऱ्यांवर बसल्या. स्पीकर चिखलातूनही भुंकतच होता. पोरं पोट धरून हसत होती. एकानं तर सगळं मोबाईलवर घेतलं होतं.

मामांनी स्पीकर उपरण्यानं पुसला, कानाला लावून बघितला आणि त्या पोराकडं वळले. आम्हाला वाटलं, आता बसली मुस्काटात.

"घेतलंस का समदं? तसंच टाकू नगंस ग्रुपवर," मामा म्हणाले, "डॉक्युमेंट करून टाक."