भिंतीचा आधार

१९९७ साली जपानात अवतरलेल्या ‘ग्रान तुरिस्मो’ या व्हिडिओ गेम मालिकेने ‘द रिअल ड्रायव्हिंग सिम्युलेटर’ ही बिरुदावली पहिल्या दिवसापासून मिरवली, आणि गीअरांची गुणोत्तरे, सस्पेन्शनची ताठरता, वळणावर चारी चाकांत विभागला जाणारा भार यांविषयी मालिकेचे कर्ते काझुनोरी यामाउची यांनी जी निष्ठा बाळगली ती पाहता, त्या बिरुदावर हरकत घेण्यास सहसा कोणी धजत नाही. शिवाय २००८ साली याच खेळातून निवडलेला खेळाडू लुकास ओर्दोन्येझ २०११ मध्ये ल मान्स येथील खऱ्याखुऱ्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसरा आला, हा दाखला तर बिनतोड!

तथापि वास्तवाच्या या दरबारात वाहनांस एक खास इनाम बहाल होत असे. ताशी दोनशेच्या वेगाने वळणावर यावे, ब्रेकचा बिलकूल मुलाहिजा न राखता गाडी सरळ कठड्यावर टेकवावी, आणि त्या दयाळू कठड्याने तिला सासरी पाठवणी केल्यागत अलगद पलीकडे पोचवावे. ना दिवा फुटे, ना पत्रा चेपे, ना पंचनामा. मुख्य मालिकेत गाड्यांवर इजा डोळ्यांना दिसू लागली ती २०१० साली, पाचव्या आवृत्तीत. त्याआधीच्या चौथ्या आवृत्तीत मात्र, कितीही भिंती झेलून अभंग राहणारा गाडीचा सांगाडा निव्वळ धावून धावून शिथिल होई, आणि तो पूर्ववत ताठ करून घेण्यासाठी मालकास कारखान्यात रोख रक्कम मोजावी लागे.