शिळा विदर्भात, सोहळा सातपुड्यात

पुरातन दगडांच्या वर्तुळात उभे राहून ऋतूंचे सण साजरे करावेत, ही हौस मराठी माणसाला बहुधा इंग्लंडला गेल्यावर जडते. लंडनच्या मुलाकडे महिनाभर राहून म्यूझियमे, राजवाडे आणि नातवंडे पाहून झाली की कुणीतरी त्याला 21 जूनच्या पहाटे स्टोनहेंजला नेते. तिथे पांढरे झगे घातलेली आणि डोक्यावर पानांचे मुकुट चढवलेली माणसे शिंगे फुंकत असतात. सूर्य ढगांमागे असला तर तो उगवल्याचे घड्याळावरून ठरते आणि मग टाळ्या पडतात. आपला माणूस भारावतो आणि परतल्यावर कट्ट्यावर विचारतो, ‘‘आपल्याकडे असं काही का नाही हो?’’ या प्रश्नाचे उत्तर नंदुरबार जिल्ह्यात आहे. पण तिथे दगड नाहीत, म्हणून ते ऐकायला कुणी जात नाही. माझे म्हणणे एवढेच की, सोहळ्याचे वय शेजारच्या दगडावरून काढू नये. पुढच्या वर्षी तो केलाच पाहिजे असे बंधन कुणावर आहे का, ते पाहावे. या हिशेबाने नंदुरबारच्या डोंगरातले मोलगी फाल्गुनात, होळीच्या दिवसांत, विलायतेच्या कितीतरी पुढे असते.

आधी विलायतेचा जमाखर्च. स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहिले त्याला सुमारे 4,500 वर्षे झाली. ज्या ड्रुइड पुरोहितांच्या नावाने आज झगे शिवले जातात, त्यांचा लेखी उल्लेख त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी सापडतो. दोघांची गाठ घातली ती सतराव्या-अठराव्या शतकांतल्या हौशी अभ्यासकांनी. विल्यम स्टकलीने 1740 साली त्यावर पुस्तकच काढले आणि दगडांना परस्पर पुरोहित मिळाले. 1905 साली ड्रुइड मंडळींनी तिथे थाटामाटात दीक्षाविधी केला, तोही खोट्या दाढ्या लावून. वर्षाचे आठ सण ठरवणारे त्यांचे चक्र तर 1950 च्या दशकात जुळवले गेले. म्हणजे वयाने ते आपल्या महाराष्ट्र राज्याच्या बरोबरीचे. याहून गमतीची साक्ष डुकरांची आहे. जवळच्या डरिंग्टन वॉल्स इथल्या उत्खननात मेजवान्यांची हाडे निघाली. डुकरांच्या दातांवरून ती साधारण नऊ महिन्यांची असताना, म्हणजे ऐन हिवाळ्यात, कापली गेली असावीत असा अंदाज निघाला. दगडांचा रोख उन्हाळ्यातल्या सूर्योदयाकडे आहे, तसाच हिवाळ्यातल्या सूर्यास्ताकडेही आहे. तेव्हा मूळ यजमान डिसेंबरात जेवायला जमत असण्याची शक्यता दाट आहे आणि आजचे पाहुणे जूनमध्ये उपाशीपोटी उभे राहतात. पंगतीला सहा महिने उशिरा पोचण्याचा हा विक्रम आपल्याकडच्या लग्नांतही कुणी केलेला नाही. भरीला 1985 साली तिकडे निघालेल्या जत्थ्याला पोलिसांनी वाटेत बदडले आणि 2000 सालापासून सरकारी देखरेखीखाली दारे उघडली. दारू नको, कुत्री नकोत, दगडांवर चढू नका, या अटींवर निसर्गाशी एकरूप व्हायला पूर्ण मोकळीक आहे.

दगडच हवे असतील तर त्यांसाठी पारपत्र लागत नाही. नागपूरपासून काटोलच्या रस्त्याने थोडे गेले की जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळे पसरली आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात त्यांतली काही उकरली. पुढे माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथल्या उत्खननांतून लोहयुगातल्या माणसांची दफने, लोखंडी हत्यारे, घोड्यांचे तांब्याचे साज असे बरेच काही निघाले. काही शिळांवर वाटीसारखे खळगे आहेत आणि त्यांचा आकाशाशी काही संबंध आहे का, हेही संशोधकांनी तपासून पाहिले आहे. म्हणजे इंग्लंडकडे आहे ते सारे साहित्य इथे हजर आहे. नाही ते फक्त झगेवाले. याचे कारण मला हवामानात दिसते. ज्या देशात सूर्य क्वचित भेटतो तिथे त्याचे स्वागत करावे लागते. नागपूरकराला सूर्याला सांगण्यासारखे काही असलेच तर ते ‘आता पुरे’ एवढेच असणार.

दगड मुके असतात, त्यांना कोणताही झगा चालतो. जिवंत सोहळ्याचे तसे नसते, हे कळण्यासाठी नंदुरबार गाठावे. 1998 च्या 1 जुलैला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे आणि मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. या मार्गावरचा प्रवासी सहसा तो ओलांडून सुरतेला खरेदीला जातो. जो उतरतो त्याने तापी ओलांडून तळोदा, पुढे अक्कलकुवा आणि तिथून देवगोईचा घाट चढून मोलगी असा रस्ता धरावा. घाटात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा आपण योग्य दिशेने चाललो आहोत असे समजावे. होळीच्या आधीच्या आठवडी बाजारांत भोंगऱ्या भरलेला असतो. यासंबंधी प्रवाशाचे ज्ञान आधीच पक्के असते: इथे तरुण-तरुणी एकमेकांना गुलाल लावून पळून जातात, असे त्याने कुठेतरी वाचलेले असते. आदिवासी संघटना आणि कार्यकर्ते कंठशोष करून सांगत आले आहेत की, हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. प्रवाशाचे डोळे मात्र पळणारी जोडपी शोधत राहतात. त्याला दिसतात डाळ्या, गूळ, खजूर, घुंगरू आणि ढोल. निराश होऊन तो आमचूर घेतो. खरेदीत तेवढे शहाणपण त्याला सुचते, कारण मोलगीकडचा आमचूर खरोखर उत्तम असतो.

या डोंगरांत होळी एका रात्रीत उरकत नाही. डाब गावची होळी देवांची, तिचा मान पहिला. मग काठी गावाची आणि पुढे गावोगाव वेगवेगळ्या रात्री. पंचांगातली एकच पौर्णिमा ठाऊक असलेल्या माणसाला हा गलथानपणा वाटतो. जरा विचार केला तर त्यातली सोय दिसते. सगळ्या गावांनी एकाच रात्री होळी पेटवली तर कोण कुणाकडे जाणार? तारखा मागेपुढे असल्या की शेजारचे गाव ढोल घेऊन आपल्याकडे येते आणि दोन दिवसांनी आपण त्यांच्याकडे जातो. पाहुण्यांसाठी दार उघडे ठेवायची ही रीत कोणत्याही व्यवस्थापन समितीने आखलेली नाही. इंग्लंडात गर्दी आवरण्यासाठी नियम करावे लागले आणि इथे वेळापत्रकच गर्दी जमावी म्हणून बसवलेले आहे.

आता माझा मुख्य पुरावा: या होळीत नाचणारा बुध्या. अंगभर राख आणि पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ आणि घुंगरू, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसे लावलेला उंच टोप. हे रूप फोटोत चांगले येते, म्हणून सगळ्यांना माहीत असते. फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे पालनी. बुध्या होणारा माणूस त्याआधी कित्येक दिवस नेम पाळतो: खाटेवर झोपायचे नाही, अंघोळ नाही, पायात वहाण नाही, बायकोपासून दूर राहायचे. हे सारे नवसापायी आणि गावाच्या भल्यासाठी. पांढरा झगा सकाळी सोहळा आटोपला की गाडीच्या डिकीत जातो आणि त्याचा मालक दुपारी कचेरीत. पालनी डिकीत टाकता येत नाही. ती घरात शिरते, अंथरुणात शिरते आणि विशेषतः नाकाला जाणवते. काठीच्या राजवाडी होळीसाठी लागणारा उंचच उंच बांबू गुजरातच्या जंगलातून आणतात आणि तो उभा करायचा खड्डा अवजार न वापरता हातांनी उकरतात. पंचक्रोशीत कुदळ नाही असे नाही, जेसीबीसुद्धा आहे. तरीही हातांनीच. पाहुण्यांना दाखवण्यासाठी रचलेल्या सोहळ्यात इतकी गैरसोयीची अट कुणी घातली नसती. होळी पेटते तीही पहाटे, म्हणजे प्रवाशाची झोप अनावर होण्याच्या नेमक्या वेळी.

यावर पहिला आक्षेप इतिहासकारांचा. काठीच्या होळीची बातमी दरवर्षी 1246 हे साल घेऊन छापून येते. त्याला लेखी आधार काय? आक्षेप रास्त आहे. ते साल कुणी खोडले तरी मी भांडणार नाही, कारण माझा मुद्दा त्यावर उभाच नाही. होळी दरवर्षी आपला पुरावा स्वतःच जाळून टाकते, उत्खननाला मागे राखेशिवाय काही उरत नाही. स्टोनहेंजला साल मिळते, पण करणाऱ्यांची साखळी मिळत नाही. काठीला साल डळमळीत आहे, पण खड्डा उकरणाऱ्याला तो कसा उकरायचा हे त्याच्या बापाने दाखवलेले आहे. मला दुसरा पुरावा जास्त वजनदार वाटतो. दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: हल्ली बुध्यांच्या डोळ्यांवर काळे गॉगल दिसतात, पुढाऱ्यांचे फलक लागतात, रिळे निघतात, मग उरले काय? उरले ते हेच की, गॉगल घातलेला बुध्याही पालनी पाळूनच आलेला असतो. मेलेल्या परंपरेला गॉगल लावायचा मोह कुणाला होत नाही. जुनापाणीच्या एकाही शिळेवर तो दिसणार नाही. फलकांबद्दल मात्र मी बचाव करणार नाही. ते सर्वत्र सारखेच वाईट दिसतात.

तिसरा आक्षेप आपुलकीच्या आवाजात येतो आणि म्हणून सर्वांत धोक्याचा: ‘‘अहो, ही तर आपलीच होळी!’’ आपली होळी म्हणजे सोसायटीची. ती रात्री साडेआठला पेटते, कारण नऊनंतर मुलांना झोपवायचे असते. वर्गणीवरून अध्यक्ष आणि खजिनदार यांच्यात बोलणी होतात, आणि पुरणपोळी ऑनलाइन मागवलेली असते. तिथे कुणी पंधरा दिवस जमिनीवर झोपलेले नसते. झोपले तर कमरेचा डॉक्टर गाठावा लागेल. पौर्णिमा एक असली म्हणून सण एक होत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांना याहामोगी देवी आणि आपले डोंगरदेव पुरेसे आहेत. त्यांना आपल्या यादीत भरती करून घेण्याची घाई आपण करू नये. सातपुड्यातल्याच अस्तंब्याच्या डोंगराचे पाहा. दिवाळीच्या सुमारास हजारो जण तो चढतात. आपण लगेच ‘अश्वत्थामा!’ म्हणून महाभारत उघडतो आणि चढणाऱ्याला स्वतःचे काही सांगायचे असेल, हे विसरतो.

मग प्रवाशाने जावे की नाही? खुशाल जावे. सोहळा खुला आहे आणि हाकलून कुणी देणार नाही. फक्त आपल्यावाचून तो अडलेला नाही, हे तिकीट काढतानाच मान्य करावे. ‘जरा पुन्हा नाचून दाखवता का, फोटो हलला,’ असे बुध्याला सांगू नये. तो तुमच्यासाठी नाचत नाही. नंदुरबारला पोचून ‘कार्यक्रम किती वाजता’ असेही विचारू नये. आदल्या संध्याकाळीच काठीत असावे, थंडीचे पांघरूण जवळ ठेवावे आणि जागे राहावे. हे जमण्यासारखे नसेल तर जुनापाणीला जावे. तिथे केव्हाही जाता येते.